सिझरच्या चेकलिस्टमध्ये 'नाही' किती आहेत ते आधी बघा

डॉक्टर, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. उपजिल्हा रुग्णालयात गायनॅकला नवीन जॉइन झालात, लक्ष्यचं (लेबर रूम अन् मॅटर्निटी ओटीच्या दर्जाच्या सरकारी योजनेचं) असेसमेंट डोक्यावर आहे म्हणून सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट छापून घेतली, प्रत्येक सिझरच्या केसपेपरला लावली. फॉर्म सगळे भरलेले दिसतात, पण ते भरले जातात केसेस संपल्यावर, सिस्टर चहा घेता घेता सगळ्या फाइली एकदम उरकतात. आणि तुम्ही टाइम आउट (चिरा घ्यायच्या आधी थांबून यादी मोठ्यानं वाचणं) घ्यायला गेलात की सीनियर सर म्हणतात, "इथं लेकराचे ठोके कमी व्हायलेत अन् तुम्ही कागद काय वाचायलात." तर हे खरोखर सुरू कसं करायचं.

मी भूलतज्ज्ञ. लातूर, अंबाजोगाई, बीड या पट्ट्यात सरकारीला ऑन-कॉल असते आणि प्रायव्हेटला बोलावतील तिथं जाते, त्यामुळं एकाच आठवड्यात ही चेकलिस्ट मला एका ठिकाणी फ्रेम करून भिंतीवर लावलेली दिसते, दुसरीकडं ड्रॉवरमध्ये दाबलेली दिसते, आणि मोजक्या ठिकाणी खरोखर बोलली जाताना पण दिसते. तेवढ्यावरून सांगते.

ट्रेनिंग, पोस्टर, मीटिंग हे सगळं नंतर. आधी गेल्या महिन्याचे सगळे फॉर्म काढा आणि त्यात "नाही" किती ठिकाणी लिहिलंय ते बघा. महिनाभरात एकदासुद्धा रक्त नव्हतं असं झालं नाही, कधी सक्शन बंद नव्हतं, कोणाची सही राहिली नव्हती, बालरोगतज्ज्ञ दर वेळी हजर होते, असं तालुक्याच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होऊच शकत नाही. सगळीकडं बरोबरची खूण असेल तर तुमची चेकलिस्ट अजून सुरूच झालेली नाही असं समजा, आणि त्यात सिस्टरची चूक नाही. "नाही" लिहिलं की तिलाच विचारणार, का नाही, म्हणून ती लिहीत नाही. ज्या ओटीत सिस्टरला केस सुरू व्हायच्या आधी "सर, नाही" असं मोठ्यानं म्हणता येतं आणि त्यावर कोणी तिच्यावर ओरडत नाही तिथं चेकलिस्ट चालते. बाकी सगळं या एका गोष्टीच्या मागून येतं.

थोडं मागचं सांगते, सरांशी बोलताना उपयोगी पडेल. ही चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये काढली, १९ मुद्दे, तीन थांबे: भूल द्यायच्या आधी साइन इन, चिरा घ्यायच्या आधी टाइम आउट, पेशंट ओटीतून बाहेर काढायच्या आधी साइन आउट. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात नवी दिल्लीचं एक होतं, आणि २००९ मध्ये रिझल्ट छापून आला की ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यावरून ०.८ वर आले आणि कॉम्प्लिकेशन ११ टक्क्यांवरून ७ वर. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं ते अतुल गावंडे, त्यांच्या वडिलांचं गाव उटी, उमरखेड भागातलं, म्हणजे आपल्या नांदेड-हिंगोलीकडून पैनगंगा ओलांडली की आलंच. "हे सगळं फॉरेनचं आहे, आपल्याकडं चालत नाही" असं कोणी म्हणालं की मी हे सांगते, वाद मिटत नाही पण माणूस जरा हसतो.

आता दुसरी बाजू, जी ट्रेनिंगमध्ये सहसा सांगत नाहीत. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात सरकारनं चेकलिस्ट सक्तीची केली, १०१ हॉस्पिटलांचा हिशोब २०१४ मध्ये आला, आणि फरक जवळपास काहीच नाही, मृत्यू ०.७१ टक्क्यावरून ०.६५, म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशोबानं शून्यच. कागदावर मात्र पालन भरपूर. तोच कागद, तेच मुद्दे, एकीकडं फरक पडला आणि एकीकडं नाही. यावर पुष्कळ चर्चा झाली, माझं मत असं की वरून हुकूम आला की माणूस फॉर्म भरतो, आणि फॉर्म भरायला तोंड उघडावं लागत नाही. तुमच्याकडं आत्ता जे चाललंय ते छोटं ऑन्टारिओच आहे.

तर फॉर्म काही दिवस बाजूला ठेवा. हो, असेसमेंट असलं तरी. असेसमेंटला लागतात म्हणून सिस्टर भरतात तर भरू द्या, तुम्ही त्याकडं बघू नका. एक ठरलेली केस घ्या, म्हणजे इलेक्टिव्ह रिपीट सिझर, सकाळची, तुमची स्वतःची, ज्या भूलतज्ज्ञाशी तुमचं जमतं तो असेल त्या दिवशीची, आणि फक्त टाइम आउट तोंडी करा. साइन इन, साइन आउट काही दिवसांनी. एकदम तिन्ही थांबे, सगळ्या केसेसना, सगळ्या सर्जनना, एक तारखेपासून, असा सर्क्युलर काढला की पुढच्या महिन्यात पुन्हा चहासोबत फाइली.

आणि छापलेली यादी आहे तशी वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वतःच सांगून ठेवलंय की आपापल्या गरजेप्रमाणं बदला, इंग्लंडमध्ये तर बाळंतपणाच्या केसेससाठी वेगळी यादी केली गेली. मूळ यादी सगळ्या सर्जरीसाठी आहे. त्यात साइट मार्क केली का असं विचारलंय, सिझरला काय मार्क करणार, पोट एकच आहे, ती ओळ काढा, कारण एक ओळ बिनकामाची दिसली की सिस्टरला सगळाच कागद बिनकामाचा वाटतो. रक्तस्राव ५०० मिलीच्या वर जाण्याची शक्यता आहे का असं विचारलंय, सिझरला तेवढा साध्या केसमध्येसुद्धा जातो, मग उत्तर कायम "हो" आणि अर्थ काहीच नाही. त्याऐवजी प्लासेंटा (वार) कुठं आहे, आधीचं सिझर आहे का, प्लासेंटा खाली अन् जुन्या टाक्यावर आहे का, हे विचारा, तिथंच खरा रक्तस्राव दबा धरून बसलेला असतो.

प्रश्न कसा विचारायचा यावर मी जास्त भर देते, कारण माझ्या अनुभवात अर्धं काम तिथंच होतं. "हो" म्हणून संपेल असा प्रश्न यादीत ठेवूच नका. "रक्त आहे का?" "आहे." कुठं आहे? कळतं की पेशंटचा भाऊ मोटरसायकलवर जिल्ह्याच्या रक्तपेढीला गेलाय आणि अजून अर्ध्या रस्त्यात आहे. म्हणून प्रश्न असा, "रक्ताची पिशवी आत्ता कुठं आहे, ग्रुप कोणता, क्रॉसमॅच झालं का?" तसंच "अँटिबायोटिक दिलं का" नाही, "किती वाजता दिलं?" चिरा घ्यायच्या आधी तासाभरात जायला पाहिजे, पण आपल्याकडं जुनी सवय आहे नाळ कापल्यावर द्यायची, लेकराला औषध जाऊ नये म्हणून, ती सवय मोडायला घड्याळातली वेळच विचारावी लागते. "सक्शन आहे का" नाही, "सक्शन लावून आवाज ऐकव." "ऑक्सिटोसिन आहे का" नाही, "फ्रीजमधून कधी काढलं?" एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, लाइट जाते, आणि २ ते ८ डिग्रीत ठेवायचं औषध ट्रॉलीवर दिवसभर पडून असतं, मग गर्भाशय आवळत नाही म्हणून आपण डोस वाढवत बसतो.

ऑक्सिजन, जनरेटरचं डिझेल, ऑटोक्लेव्ह, फ्रीजचं तापमान हे सगळं मात्र केसच्या चेकलिस्टमध्ये कोंबू नका, ते सकाळी एकदा ओटी उघडल्यावर बघायचं वेगळं काम आहे. (लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या उन्हाळ्यात तर पाणी किती आहे हे पण बघावं लागायचं.) प्रत्येक पेशंटच्या वेळी तीच यादी वाचायला लावली तर लोक ऐकणं बंद करतात. दोन मिनिटांच्या वर टाइम आउट गेला की सरांचा राग मला पण पटतो.

आता साइन इन, म्हणजे माझं राज्य. हे भूलतज्ज्ञाच्या हातात आहे आणि त्याला पटवलं तर सगळ्यात सोपं, कारण आम्ही सुई धरली नाही तर पुढं काही होतच नाही. ओळख पटवणं आपल्याकडं वाटतं तितकं सरळ नाही. एका वॉर्डात दोन पूजा पवार, दोन्ही आधीचं सिझर असलेल्या, असं सहज होतं. म्हणून बाईलाच विचारायचं, "ताई, पूर्ण नाव सांगा, नवऱ्याचं नाव, गाव." "तुम्ही पूजा पवार ना?" असं विचारलं तर कळा येणारी बाई कशालाही हो म्हणते. त्यात पहिलटकरीण माहेरी आलेली असते, सोनोग्राफी अन् रक्तगटाची फाइल सासरी राहिलेली असते, फाइल आणली तरी कधी कधी तिच्यावर माहेरचं आडनाव आणि केसपेपरवर सासरचं. ऊसतोडीवरून थेट आलेली बाई असेल तर तेवढं पण नाही, एक फाटकं कार्ड, आणि हिमोग्लोबिन बघितलं की आपलेच हातपाय गार. निगेटिव्ह ग्रुप असेल तर तो साइन इनलाच मोठ्यानं बोलला गेला पाहिजे, म्हणजे नाळेचं रक्त घ्यायचं आणि अँटी-डी (निगेटिव्ह ग्रुपच्या आईला द्यायचं इंजेक्शन) बघायचं हे सिस्टरच्या डोक्यात आधीपासून राहतं. तांड्यावरून आलेल्या बाईला मराठी कळतं का हे गृहीत धरू नका, गोरमाटी बोलणारी एखादी मावशी किंवा मामा स्टाफमध्ये असतोच, त्याला बोलवा.

एक गोष्ट साइन इनमध्ये घालाच, मूळ यादीत नाही ती. स्पायनलच्या (पाठीतून द्यायच्या भुलेच्या) ट्रेमधलं ॲम्प्युल उघडायच्या आधी लेबल मोठ्यानं वाचायचं, सिस्टरनं एकदा आणि भूलतज्ज्ञानं एकदा. २०१७ मध्ये मोठा अभ्यास आला की बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत ट्रानेक्झॅमिक ॲसिड दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात, त्यानंतर हे औषध सगळ्या लेबर रूममध्ये अन् ओटीत आलं, चांगलंच झालं, पण ते काचेचं छोटं ॲम्प्युल आणि आमचं हेवी बुपिवाकेनचं, म्हणजे पाठीतल्या भुलेच्या औषधाचं, ॲम्प्युल काही कंपन्यांची इतकी सारखी दिसतात की बुपिवाकेन समजून ते पाठीत दिल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. बाईला झटके येतात, हृदयाची लय बिघडते, आणि त्यातल्या बऱ्याच बाया वाचल्या नाहीत. यावर उपाय फुकट आहे. ट्रानेक्झा स्पायनलच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, त्याची जागा पीपीएचच्या (बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या) डब्यात, आणि लेबल वाचल्याशिवाय ॲम्प्युलची मान मोडायची नाही.

टाइम आउटला सरांना कसं थांबवायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे. तुम्ही ज्युनियर, ते विभागाचे सीनियर, तुम्ही "सर थांबा" म्हणालात तर तो मानापमानाचा विषय होतो आणि सगळी ओटी बघत असते. म्हणून थांबवायचं काम माणसाकडं देऊच नका, ब्लेडकडं द्या. नियम एवढाच: टाइम आउट बोलून झाल्याशिवाय ब्लेड ट्रॉलीवरून हलत नाही. स्क्रब सिस्टर ब्लेड देत नाही, तिला कोणाशी वाद घालायचा नाही, तिनं फक्त हात पुढं करायचा नाही. पण हे सिस्टरवर एकटीवर टाकू नका, पहिल्याच रागावण्याला ती मागं हटेल आणि तिनं हटावंच, तिला रोज तिथं नोकरी करायची आहे. आधी सरांना केबिनमध्ये एकटे गाठा, मीटिंगमध्ये नाही. "सर, हा नियम तुमच्या तोंडून आला तर चालेल, माझ्या तोंडून नाही" असं सरळ सांगा. बहुतेक सीनियर एवढ्यावर ऐकतात, कारण त्यांना चेकलिस्टचा राग नसतो, कालच्या पोरानं शिकवण्याचा राग असतो. वाचायचं मात्र सर्जननं नाही, भूलतज्ज्ञानं पण नाही, फिरत्या सिस्टरनं वाचायचं. आम्ही दोघं वाचायला लागलो की आम्हीच प्रश्न विचारतो अन् आम्हीच उत्तर देतो.

टाइम आउटला सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचं हे तालुक्याला हास्यास्पद वाटतं, सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. ठीक आहे, गाळा. पण नवीन इंटर्न, कंत्राटी सिस्टर किंवा बाहेरून आलेला भूलतज्ज्ञ असेल त्या दिवशी सांगा. मला कितीतरी ठिकाणी "ओ मॅडम" म्हणतात, आणि रक्त वाहत असताना खोलीत तीन मॅडम असतात.

सिझरमध्ये एक गोष्ट बाकीच्या ऑपरेशनपेक्षा वेगळी आहे, बाई जागी असते. तुम्ही पडद्याच्या त्या बाजूला, आम्ही डोक्याकडं, तिचा चेहरा आम्हालाच दिसतो. तिला आधी सांगा की ताई, आता आम्ही तुमचं नाव, ऑपरेशन सगळं मोठ्यानं बोलू, घाबरायचं नाही, चुकलं तर तुम्ही सांगा. एका नर्सिंग होममध्ये टाइम आउट चालला होता, दुसरं सिझर, सिस्टरनं वाचलं, "ऑपरेशन सिझर, सोबत टीएल." सर्जननं मान हलवली. टेबलावरची बाई माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "टीएल म्हंजे पोरं बंद व्हायचं का? मी नाई म्हणले होते." फाइल उघडली तर संमतीच्या फॉर्मवर नवऱ्याची सही होती, हिची नव्हतीच. सासूनं बाहेर सांगितलं होतं, सिझरसोबतच उरकून टाका. नसबंदीला संमती बाईची स्वतःची लागते, नवऱ्याची सही लागतही नाही अन् पुरतही नाही, आणि टेबलावर पाय सुन्न असताना घेतलेली सही ही संमती नव्हे. टीएल झाली नाही त्या दिवशी. पुढं ती वॉर्डात असताना शांतपणे विचारलं, तिनं कॉपर टीबद्दल विचारून घेतलं. तर टीएलची ओळ टाइम आउटमध्ये वेगळी ठेवा, "टीएल आहे की नाही, सही कोणाची", आणि टीएल हा शब्द बाईला कळत नाही हे लक्षात ठेवून तो मराठीत बोला.

आता इमर्जन्सी. नाळ खाली आली, प्लासेंटा सुटला, गर्भाशय फाटला, तिथं कागद वाचत बसा असं कोणीच म्हणत नाहीये. पण "इमर्जन्सी आहे म्हणून चेकलिस्ट नको" हे उलटं आहे. पोटात वस्तू राहून जाण्यावर २००३ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात इमर्जन्सी ऑपरेशनमध्ये ती जोखीम जवळपास ९ पट निघाली, आणि ऑपरेशन अचानक बदललं तर ४ पट. म्हणजे जिथं आपण गाळतो तिथंच जास्त गरज. तर क्रॅश, म्हणजे अगदी तातडीच्या, सिझरसाठी छोटी यादी करा, पाचच गोष्टी, आणि त्या हात थांबवून नाही तर हात चालू असताना बोला, पेंटिंग-ड्रेपिंग (पोटाला औषध लावणं, कापड घालणं) चाललंय तेवढ्यात: बाईचं नाव, कशासाठी सिझर, कशाची ॲलर्जी, रक्त कुठं, लेकराला कोण घेणार. याला वेगळा वेळ लागत नाही. लेकराचे ठोके टेबलावर घेतल्यावर पुन्हा ऐकायचे, तो पण एक मुद्दा ठेवा. वॉर्डात कमी झालेले ठोके कधी कधी टेबलावर कुशीवर वळवल्यावर सावरलेले असतात, मग धावपळीत जनरल ॲनेस्थेशिया द्यायची गरज राहत नाही, आरामात स्पायनल देता येतो. सरांना हे सांगा, त्यांच्या "ठोके कमी व्हायलेत"ला हे खरं उत्तर आहे.

मॉपचा, म्हणजे पोटात रक्त टिपायला घालतात त्या कापडी पॅडचा, काउंट. इथं मी जरा थांबणार आहे, कारण मराठवाड्याचं यात जुनं नाव आहे, आणि ते चांगल्या कारणासाठी नाही. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईचं बाळंतपण झालं, दोन-तीन दिवसांनी नसबंदीचं ऑपरेशन झालं, पोटात मॉप राहिला, पू झाला, पुन्हा पोट उघडलं, बाई गेली. केस चालत चालत सुप्रीम कोर्टात गेली आणि १९९६ मध्ये निकाल लागला की मॉप आत राहिला हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, सरकार जबाबदार. मधे तेहेतीस वर्षं गेली, पेशंटच्या घरच्यांची पण आणि डॉक्टरांची पण. ज्या सरांना रिसर्चचे आकडे पटत नाहीत त्यांना हा निकाल पटतो.

मघाच्या त्याच २००३ च्या अभ्यासात अजून एक गोष्ट निघाली होती. ज्या केसेसमध्ये काउंट केला होता आणि तरी वस्तू आत राहिली, त्यातल्या ८८ टक्क्यांत काउंट "बरोबर" असं लिहिलेलं होतं. म्हणजे लिहिणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या होत्या. काउंट दोघींनी मिळून, मोठ्यानं, मॉप एकेक सुटा करून करायचा, पाच-पाचच्या गठ्ठ्यात, आणि भिंतीवर व्हाइट बोर्ड नसेल तर एक काळी फळी लावा, तिथं लिहायचं: सुरुवातीला ५, मधे उघडले ५, एकूण १०. चौकट कागदावर असली की ती एकीलाच दिसते, फळीवरचा आकडा सगळ्यांना दिसतो, मला डोक्याकडून पण दिसतो. मोजायचं कधी, तर केस सुरू करायच्या आधी, गर्भाशय शिवल्यावर पोट बंद करायच्या आधी, आणि शेवटी त्वचेच्या वेळी. पोटाच्या दोन्ही बाजूंना सारलेला मॉप हाच विसरला जातो, त्याची शेपटी क्लॅम्पला लावून बाहेर ठेवा. साधा गॉज पोटात घालायचाच नाही.

आणि बादली. यादीत कधीच नसतं पण मी सगळीकडं सांगते: साइन आउट होईपर्यंत ओटीतून काहीही बाहेर जात नाही, बादली नाही, प्लासेंटाचा ट्रे नाही, लेकराला गुंडाळलेली कापडं पण मोजल्याशिवाय नाहीत. पुढची केस लागलेली असते, मावशी बिचारी पटापट आवरायला बघते, बादली घेऊन जाते, आणि मग एक मॉप कमी निघाला की तो पोटात आहे की मागच्या पिवळ्या पिशवीत हे शोधायला सगळे धावतात. मॉप प्लासेंटासोबत जातो, लेकराच्या टॉवेलमध्ये अडकून वॉर्मरवर जातो, दोन्ही मी बघितलंय. म्हणून ट्रेनिंगला मावशी आणि मामा पाहिजेतच, त्यांना बाहेर ठेवून केलेलं ट्रेनिंग अर्धं असतं. काउंट जुळला नाही तर पोट बंद करायचं नाही, शोधायचं, नाहीच सापडला तर टेबलावर एक्स-रे, पोर्टेबल मशीन नसेल तर पोट बंद करून पण ओटीतून थेट एक्स-रेलाच, वॉर्डात नाही. मॉप रेडिओ-ओपेक धाग्याचे मागवा, नाहीतर एक्स-रेत काय दिसणार.

साइन आउटला बाळंतपणाच्या केसमध्ये आणखी थोडं बघायला लागतं. खालून किती रक्त जातंय हे चादर उचलून बघायचं, लघवीच्या पिशवीचा रंग बघायचा, लाल असेल तर मूत्राशयाचा विचार टेबलावरच करायचा. योनीत पॅक ठेवला असेल किंवा कॉन्डोम टॅम्पोनाड (रक्त थांबवायला गर्भाशयात फुगवलेला कॉन्डोम) लावला असेल तर तो केसपेपरवर आणि बाईच्या हातावरच्या पट्टीवर, दोन्हीकडं लिहायचा, किती ठेवले आणि कधी काढायचे, कारण तो पोटाच्या काउंटमध्ये धरलेला नसतो. लेकराच्या पायाला आणि हाताला आईच्या नावाची पट्टी ओटीतच, लेकरू बाहेर नातेवाइकांना दाखवायच्या आधी, आणि मुलगा की मुलगी हे आईला दाखवून, तिच्या तोंडून वदवून घ्या. पुढं "आमचं लेकरू बदललं" असं म्हणत पन्नास माणसं गेटवर आली की ही एक ओळ किती कामाची ते कळतं. आणि शेवटचं, पुढचे काही तास हिच्याकडं कोण बघणार, किती वेळानं नाडी-बीपी, किती रक्त गेलं तर कोणाला फोन.

आता "नाही"कडं परत येते. समजा सिस्टरनं म्हटलं, रक्त नाही. मग काय? याचं उत्तर आधी ठरलेलं नसेल तर दुसऱ्यांदा ती म्हणणार नाही. इलेक्टिव्ह असेल तर केस थांबते, रक्त आल्यावर सुरू. इमर्जन्सी असेल तर केस सुरू होते पण त्याच क्षणी एक माणूस रक्तासाठी लागतो आणि रेफरची १०८ तयार राहते. आणि एक वही ठेवा, साधी दोनशे पानी, त्यात फक्त "नाही" लिहायचे: तारीख, काय नव्हतं, काय केलं. सिस्टरचं नाव लिहायचं नाही. दर महिन्याला ती वही घेऊन वैद्यकीय अधीक्षकांकडं जा, म्हणजे सक्शन मशीन सात वेळा बंद होतं हे त्यांच्या टेबलावर आकड्यानं जातं, तुमची तक्रार म्हणून नाही. यातल्या एक-दोन गोष्टी खरंच दुरुस्त झाल्या, नवीन सक्शन आलं, की स्टाफ आपोआप बोलायला लागतो.

हे मी एवढं का सांगते, तर उत्तर प्रदेशात नॉर्मल डिलिव्हरीसाठीच्या सेफ चाइल्डबर्थ चेकलिस्टचा खूप मोठा अभ्यास झाला, १२० केंद्रं, दीड लाखाच्या वर बाळंतपणं, २०१७ मध्ये रिझल्ट आला. शिकवायला कोच होते तोवर नर्सेस बऱ्याच गोष्टी जास्त करायला लागल्या, कोच कमी झाले तसं पालन खाली आलं, आणि आई किंवा लेकरांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. यादी आठवण करून देते, ती रक्त आणत नाही, बॅग-मास्कनं लेकराला श्वास द्यायला शिकवत नाही. तुमच्याकडं लेकराला घेणारं, ट्रेनिंग झालेलं कोणी नसेल तर "लेकराला कोण घेणार" या प्रश्नाला रोज एक नाव मिळेल आणि उपयोग काही होणार नाही. त्यामुळं चेकलिस्टच्या सोबतीनं दर पंधरा दिवसांनी एकदा, दहा मिनिटं, बाहुलीवर बॅग-मास्क आणि एकदा पीपीएचचा ड्रिल. वेगळा हॉल वगैरे नको, ओटीतच, पहिली केस लागायच्या आधी.

स्टाफची बदली होते, कंत्राट संपतं, नवीन पोरगी येते, ही तुमची पुढची अडचण असणार. त्यासाठी यादी मोठ्या अक्षरात, मराठीत, लॅमिनेट करून टेबलच्या पायथ्याशी भिंतीवर, म्हणजे वाचणारीला हातात कागद धरावा लागत नाही अन् नवीन माणसाला पाठ असायची गरज नाही. भाषा शुद्ध करू नका. "शस्त्रक्रियापूर्व प्रतिजैविक" लिहिलंत तर वाचताना अडखळतील, "अँटिबायोटिक किती वाजता" लिहा.

असेसमेंटची काळजी करताय म्हणून शेवटी तेवढं. लक्ष्य २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं तेव्हापासून लेबर रूमसोबत मॅटर्निटी ओटी पण त्यात आहे, ७० टक्क्यांच्या वर सिल्व्हर, ८० च्या वर गोल्ड, ९० च्या वर प्लॅटिनम, आणि असेसर फक्त फाइली बघत नाहीत, स्टाफला विचारतात, कधी समोर करून दाखवायला सांगतात. टाइम आउट रोज बोलणारी सिस्टर तिथं आपोआप बोलते, चहासोबत टिक मारणारी गडबडते. "नाही"ची वही त्यांना स्वतःहून दाखवा, आणि प्रत्येक "नाही"समोर काय केलं तो रकाना भरलेला आहे ना हे आदल्या दिवशी बघून घ्या, रिकामा राहिलेला असेल तर तिथं खरं कारण लिहा, मागणी पाठवली असेल तर तिचा जावक क्रमांक लिहा.